पाचवा स्क्रू

त्या मिक्सरला पाचवा स्क्रू नव्हताच. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सांगायला तीन वर्षं लागली.

सांगायचं होतं माझ्या वडिलांना. त्यांना आम्ही आप्पा म्हणतो. धाराशिवकडचं गाव सोडून ते पिंपरीला आले, एका कंपनीत फिटर म्हणून लागले आणि तिथूनच रिटायर झाले. रिटायर झाल्यावर चार दिवस घरात बसले, पाचव्या दिवशी चिंचवड स्टेशनजवळच्या आमच्या जुन्या कॉलनीत, जिन्याखालच्या मोकळ्या जागेत एक लाकडी बाक टाकला. तेलाच्या डब्याचं पत्र्याचं झाकण ठोकून सपाट केलं आणि त्यावर रंगानं लिहिलं, 'दुरुस्ती होईल'. कसली दुरुस्ती, ते लिहिलं नाही. इस्त्री, पंखा, शिलाई मशीन, स्टोव्ह, मिक्सर, जे बंद पडेल ते माणसं घेऊन यायची.

त्यांची एक पद्धत होती. वस्तू खोलण्याआधी जुन्या वर्तमानपत्रावर पेन्सिलीनं तिचा आकार काढायचे. जिथला स्क्रू निघाला तिथे कागदावर छोटा गोल काढून त्या गोलात तो स्क्रू ठेवायचे. काम झालं की उलट्या क्रमानं एकेक स्क्रू उचलायचे. शेवटी कागदावर नुसते रिकामे गोल राहिले पाहिजेत आणि हातात एकही स्क्रू उरता कामा नये. पंचवीस-तीस स्क्रूंचं मशीन असलं तरी हेच.

आम्ही बौद्ध. घरात पूजाअर्चा नाही. पण खंडेनवमीला कंपनीतल्या मशिनींना झेंडूचे हार घातले जायचे, त्या दिवशी आप्पा घरी येऊन स्वतःची सगळी हत्यारं बाहेर काढायचे. पाने, कानशी, पक्कड, हातोडी, सगळं रॉकेलनं पुसून तेल लावून ठेवायचे. आई होती तोवर हसायची, पूजाच की ही, म्हणायची. आप्पा म्हणायचे, "पूजा न्हाई. तेल." मीही ते तेल लावलंय. पुढे मी जे केलं ते करताना हेच हात वापरले, याची मला आज जास्त चीड येते.

मी चाकणच्या पट्ट्यात, मिक्सर बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. माझं खातं तक्रारींचं. म्हणजे वॉरंटीत परत आलेले मिक्सर खोलून बघायचे, काय बिघडलं ते लिहायचं. खोलून बघणं मला कॉलेजात शिकवलं नव्हतं, ते मी जिन्याखालच्या बाकावर शिकलो होतो. म्हणून साहेब लोकांना मी आवडायचो. मोटारीचा नुसता वास घेऊन मी सांगायचो की आर्मेचरची गुंडाळी जळालीय की कार्बन झिजलाय. कार्बन म्हणजे मोटारीच्या आत घासत राहणारे दोन छोटे काळे तुकडे. पेन्सिलीच्या तुटक्या टोकाएवढी वस्तू. तो झिजतोच, झिजण्यासाठीच असतो. बदलायला दहा मिनिटं लागतात.

परत येणाऱ्या मालात बाहेर कुठेतरी खोललेले मिक्सर असायचे. कोणी लोकल कार्बन घातलेला, कोणी वायरीला टेप गुंडाळलेली. त्यावर मीटिंग झाली. खूप बोलणं झालं, ग्राहकाची सुरक्षितता हा शब्द तर इतक्या वेळा आला की मलाही तो खरा वाटायला लागला. खरी गोष्ट सगळ्यांना माहीत होती. मिस्त्री मिक्सर चालू करून देतो, म्हणून नवा खपत नाही. कोणीतरी म्हणालं, बॉडी वरून-खालून वेल्ड करून टाकू, प्लास्टिक वितळवून एकजीव. मग स्क्रू काढून टाका, दुसरा म्हणाला.

तेव्हा मी बोललो. मीटिंगमध्ये मी सहसा तोंड उघडत नाही. त्या दिवशी उघडलं. म्हणालो, "स्क्रू काढू नका. चार स्क्रू तसेच ठेवा, लांबीलाही तेवढेच. गिऱ्हाईक दुकानात वस्तू उलटी करून बघतं. स्क्रू दिसले की त्याला वाटतं वस्तू टिकाऊ आहे, दुरुस्त होते. आणि मिस्त्री ते काढत बसेल. स्क्रू दिसताहेत म्हटल्यावर वेल्ड असेल असं त्याच्या डोक्यातही येणार नाही."

हे मला कसं माहीत होतं? एका मिस्त्रीच्या घरात वाढलो म्हणून. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या वर्षी मला एक फ्रेम मिळाली, तिच्यात माझा फोटो आणि खाली 'उत्कृष्ट सूचना'. ती फ्रेम मी चिंचवडला आप्पांकडे नेली, आप्पांनी ती टेबलावर ठेवली आणि आल्यागेल्याला दाखवली. कसली सूचना, हे त्यांनी विचारलं होतं. मी म्हणालो, टेक्निकल आहे.

कॉलनीत आप्पांच्या शेजारच्या खोलीत एक वहिनी राहतात. नवरा भोसरीला एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर, शिफ्टची ड्युटी. वहिनी ताजं वाटण करून विकतात. कांदा-खोबऱ्याचं, हिरवं, लाल, पाव-पाव किलोच्या पिशव्या. हिंजवडीला नोकरी करणाऱ्या पोरीबाळी आणि एकटी राहणारी पोरं जाता-येता घेऊन जातात. त्यांचं सगळं पोट त्या मिक्सरवर. जुना मिक्सर अगदीच खिळखिळा झाला तेव्हा मीच माझ्या नावावर, स्टाफच्या सवलतीत, आमच्या नव्या मॉडेलचा मिक्सर आणून दिला. वेल्डवाला. तेव्हाही मी काही बोललो नाही. कशाला बोलायचं, म्हटलं, वापरतील तोवर वापरतील.

अडीच वर्षांनी तो थांबला. वॉरंटी संपली होती. सर्व्हिसवाला येऊन म्हणाला, आख्खं युनिट बदलावं लागेल, त्यापेक्षा नवाच घ्या. वहिनी मिक्सर उचलून सरळ जिन्याखाली आल्या. आप्पांनी तो नाकाजवळ नेला, बटण दाबलं, कान लावला.

"कार्बन संपलाय पोरी. बाकी काय न्हाई. संध्याकाळी घेऊन जा."

हे मला नंतर वहिनींनी सांगितलं. सांगताना त्या हसत होत्या, कारण तोवर काही बिघडलं नव्हतं.

रविवारी मी मोशीहून नेहमीसारखा आप्पांकडे चहाला गेलो तर मिक्सर बाकावर उलटा पडलेला. खाली वर्तमानपत्र. मिक्सरच्या बुडाचा चौकोन काढलेला, चार कोपऱ्यांत चार गोल, चारही गोलांत लांब स्क्रू. आणि चौकोनाच्या मध्यावर एक पाचवा गोल, रिकामा.

"बरं झालं आलास. तुमच्याच कंपनीचाय हा. चार निघाले, बूड न्हाई निघत. पाचवा कुठं लपवलाय रं?"

लपवलाय हा शब्द त्यांनी थट्टेत वापरला. एका कारागिरानं दुसऱ्याची गंमत करावी तसा. कुठल्यातरी हुशार माणसानं स्क्रू छान जागी दडवलाय आणि आपण तो शोधणार, याची त्यांना मजा वाटत होती. रबराचे पाय त्यांनी उपसून बघितले होते. स्टिकर वाफेवर धरून अलगद सोडवला होता. वर भांडं बसतं ते कपलर काढून टॉर्चनं आत बघितलं होतं.

मी चहाचा कप तोंडाला लावला. म्हणालो, "बघावं लागेल आप्पा. माझं खातं वेगळं आहे."

पुढच्या बुधवारी त्यांनी फोन केला. विचारलंस का? म्हटलं, तो माणूस रजेवर आहे. शुक्रवारी पुन्हा. म्हटलं, विसरलो. त्या आठ दिवसांत आप्पांनी भिंगाचा चष्मा आणला. डोळ्यांनी दगा दिलाय असं त्यांना वाटू लागलं होतं. वहिनी तोवर वाटण वरच्या मजल्यावरच्या कोणाच्या तरी मिक्सरवर करत होत्या आणि रोज खाली उतरताना बाकाकडे एक नजर टाकून जात होत्या. विचारत नव्हत्या. त्यांनी विचारलं नाही हेच आप्पांना बोचत होतं.

वेल्ड असेल असं त्यांच्या मनात आलं नाही का? आलं नाही. ते नंतर मला म्हणाले, चार-चार स्क्रू असताना कोण कशाला चिकटवेल? फिटरचा हिशेब सरळ होता. स्क्रू आहे म्हणजे कोणीतरी पुढच्या माणसासाठी वाट ठेवली आहे. माझ्या सूचनेचा सगळा जीव त्या विश्वासावर होता. मी तो विश्वास मोजून घेऊन ड्रॉइंगमध्ये बसवला होता.

नवव्या दिवशी त्यांनी सांध्यात स्क्रू ड्रायव्हर घालून जोर लावला. कड्कन बॉडीला चीर गेली, बुडापासून बटणापर्यंत. मी पोचलो तेव्हा वहिनी समोर उभ्या होत्या आणि म्हणत होत्या, जाऊ द्या आप्पा, जुनाच होता. अडीच वर्षांचा मिक्सर. आप्पा स्टुलावर बसून स्वतःच्या हातांकडे बघत होते.

"आजवर कुणाची वस्तू मोडली न्हाई मी. हात गेले माझे."

त्या क्षणी मी सांगू शकत होतो. एक वाक्य होतं. त्याऐवजी मी दुसरं वाक्य बोललो, आणि माझ्या सगळ्या आयुष्यात बोललेल्या वाक्यांत ते सर्वात घाण आहे. मी म्हणालो, "वय झालं आता आप्पा. आराम करा."

त्यांनी मान हलवली. संध्याकाळी पत्र्याची पाटी उतरवली. हत्यारं मेणकापडात बांधली. आणि मी काय केलं, तर दुसऱ्या दिवशी चाकणहून वहिनींसाठी नवा मिक्सर घेऊन आलो. त्याच मॉडेलचा. वहिनी म्हणाल्या, तुमच्यासारखा माणूस नशिबानं मिळतो भाऊजी. मी ते ऐकून घेतलं.

पुढच्याच महिन्यात आप्पांना मोशीला माझ्या फ्लॅटवर आणलं. सामानात हत्यारांचं गाठोडं होतं, माझी ती फ्रेम होती, ती हॉलच्या भिंतीवर लागली, आणि तो फुटका मिक्सर पण होता, त्याच वर्तमानपत्रात गुंडाळलेला. माझी बायको म्हणाली, ही अडगळ कशाला? आप्पा ती स्वतः माळ्यावर चढवून आले.

आणि मग ते सोफ्यावर बसले. तीन वर्षं. बाथरूमचा नळ गळायला लागला तरी म्हणायचे, प्लंबर बोलव. दाराची कडी सैल झाली, कोणाला तरी बोलव. एकदा रिमोटची बॅटरी बदलायची होती तर त्यांनी तो माझ्या हातात दिला, म्हणाले, "मला नको देऊस. माझ्याकडून मोडंल." ज्या माणसानं प्रेस मशीनचा आख्खा गिअरबॉक्स एकट्यानं उतरवून बसवला, तो रिमोटचं झाकण उघडायला भीत होता. ही भीती त्यांच्या वयानं आणलेली नव्हती. ती मी पुरवली होती, आणि रोज संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसून टीव्ही बघत होतो.

या सगळ्यावर आमच्या सोसायटीनं कळस चढवला. व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका फिरली, 'फेकू नका, दुरुस्त करा', दुरुस्ती मेळावा. क्लबहाउसमध्ये टेबलं मांडणार, चार-पाच मिस्त्री बोलावणार, मुलांची चित्रकला स्पर्धा, शेवटी भाषण. भाषणाला मी, कारण मी 'त्या क्षेत्रातला'. सेक्रेटरी घरी आले. मी हो म्हणालो. नाही म्हणायची सवयच नाही मला. मग त्यांची नजर आप्पांकडे गेली. ते म्हणाले, काका तुम्हीही जुने फिटर ना, एक टेबल तुमच्या नावानं लावू का?

आप्पा हसले. अगदी नम्रपणे म्हणाले, "माझ्याकडं नका देऊ काही, साहेब. मी दुरुस्त करायला जातो आणि मोडून ठेवतो."

सेक्रेटरी गेले. मला राग आला. कुणाचा ते मला माहीत होतं, तरी आधी बायकोवर ओरडलो, मग लिफ्टवर, मग त्या पत्रिकेवर. आमच्याच प्लांटच्या गेटवर पर्यावरण दिनाला असलेच फलक लागतात, हिरव्या पानांचे, आणि आत लाइनीवर मिनिटामिनिटाला एक मिक्सर कायमचा बंद होत असतो. त्यावरच्या दिखाऊ स्क्रूंची कल्पना माझी. आणि मी भाषण करणार होतो.

माळ्यावरून मिक्सर काढला. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवला. आप्पा पाणी प्यायला आले होते.

"आप्पा, याला पाचवा स्क्रू नाही."

त्यांनी ग्लास भरून घेतला.

"बॉडी वेल्ड केलेली आहे. प्लास्टिक वितळवून. चार स्क्रू नुसते दाखवायला आहेत. कोणालाच उघडता आला नसता. तुमच्या हातांचा काही संबंध नाही."

त्यांनी ग्लास खाली ठेवला. मिक्सर उलटा केला. अंगठ्याचं नख सांध्यावरून फिरवलं, एकदा पूर्ण गोल.

"दाखवायला? कुणाच्या डोक्यातनं निघालं हे?"

"माझ्या."

"तेव्हा माहीत होतं तुला? मी इचारत होतो तेव्हा?"

"हो."

त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं, असं लोक लिहितात. मला तसं वाटलं नाही. मला भीती वाटली की ते आता म्हणतील, असू दे. ते तसं म्हणाले नाहीत, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

ते म्हणाले, "नऊ दिस मी डोळे फोडून घेतले. तीन वर्षं मी माझ्या हाताला शिव्या दिल्या. तू शेजारी बसून चहा पीत होतास." मग हॉलच्या भिंतीकडे बोट करून, "ती फ्रेम. ती ह्याचीच का?"

मी मान हलवली. त्यांनी भिंतीवरून फ्रेम काढली नाही, फोडली नाही. म्हणाले, "रविवारी भाषण हाय ना तुझं? मग हेच सांग. दुसरं काय बोललास तर मी उठून सांगंन."

मी तेच सांगितलं. कंपनीचं नाव न घेता, पण माझं नाव घेऊन. क्लबहाउसमध्ये शंभरेक माणसं होती. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागून एक जण म्हणाला, "कंपनीचं पण बघावं लागतं ना राव, तुमचा पगार त्यातनंच येतो." हे खरं होतं आणि मी तेही कबूल केलं. सेक्रेटरींनी घाईघाईनं माइक घेऊन चित्रकला स्पर्धेची बक्षिसं जाहीर केली.

आप्पा तोवर कोपऱ्यातल्या एका टेबलावर जाऊन बसले होते, बोलावलेल्या मिस्त्रींच्या रांगेत. मेणकापडाचं गाठोडं सोडलेलं. पाने-कानशींवर तेल सुकून चिकट झालं होतं, ते त्यांनी आधी पुसलं. मग करवतीचं पातं घेऊन सांध्यावरूनच मिक्सर कापला. सावकाश, चहूबाजूंनी. हात कापत होते, सत्तरीच्या पुढच्या माणसाचे कापतात तेवढे. बूड सुटलं. आत कार्बन होता, झिजून तांदळाच्या दाण्याएवढा. शेजारच्या मिस्त्रीकडून नवा घेऊन बसवला. चिरलेल्या बॉडीवर पत्र्याची पट्टी घातली. मग ड्रिलनं एक भोक पाडलं, आटे पाडले, स्वतःच्या डब्यातला एक स्क्रू घेतला आणि बूड त्या स्क्रूवर आवळलं. जुनं वर्तमानपत्र त्यांनी टेबलावर पसरलेलं होतं. मधला गोल अजून दिसत होता.

बटण दाबल्यावर मिक्सर चालला. आवाज थोडा जास्त येत होता.

तो मिक्सर घेऊन ते एकटे चिंचवडला गेले. मी गाडी काढतो म्हणालो तर नको म्हणाले, बसनं गेले. वहिनींना त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. वहिनींनी त्यानंतर मला फोन केलेला नाही. दुसरा मिक्सरही आता खरखरतोय असं आप्पांकडून कळलं. तोही आप्पाच कापणार आहेत.

सोमवारी मला केबिनमध्ये बोलावलं. भाषणाचा व्हिडिओ तिथवर पोचला होता. खूप शांतपणे विचारपूस झाली. मी बाहेर आलो आणि एक नोट लिहिली, नोकरीतली दुसरी सूचना. वेल्ड काढा, स्क्रू खरे करा, कार्बनला बाहेरून झाकण द्या, म्हणजे कोणीही बदलू शकेल. ड्रॉइंगसकट दिली. नवीन मॉडेल मात्र त्याच महिन्यात लाइनीवर आलं, त्याला आता दाखवायलाही स्क्रू नाहीत. बूड गुळगुळीत, आरशासारखं. कोणी तक्रार केली नाही.

आमच्या फ्लॅटच्या जाळीच्या दारावर आता पत्र्याचं झाकण लटकतं, 'दुरुस्ती होईल'. सोसायटीनं नोटीस दिली आहे की राहत्या घरात व्यवसाय करता येणार नाही. मेळाव्याची पत्रिका ज्या ग्रुपवर आली होती, त्याच ग्रुपवर ती नोटीस आली. आप्पांनी ती वाचली आणि दाराच्या कडीचा सैल स्क्रू आवळत राहिले.

माझ्याशी ते कामापुरतं बोलतात. फ्रेम अजून भिंतीवर आहे, ती काढायची नाही असं त्यांनी बजावलंय. रविवारी चहा घेताना एकच प्रश्न विचारतात.

"उत्तर आलं का रं कंपनीचं?"

"नाही आलं, आप्पा."

"मग परत लिही."

मी परत लिहितो.